निर्वेध व निजोखमी

धाराशिवच्या दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसणाऱ्या कोणत्याही दस्तलेखकाकडून घराचे खरेदीखत लिहून घ्या, त्यात एक वाक्य हमखास येते. सदर मिळकत निर्वेध व निजोखमी असून ती कोठेही गहाण, दान, बक्षीस दिलेली नाही, तिच्यावर कोणाच्या अन्नवस्त्राचा बोजा नाही, जप्ती नाही, जामिनकी नाही, आणि पुढे तसे काही निघाल्यास त्याचे निवारण लिहून देणार करील. चतुःसीमा येते, लांबी-रुंदी येते, नमुना आठचा उतारा जोडला जातो. घर कोणी बांधले, त्यात कोण मेले, कोणाला त्यातून हाकलले, हे मात्र त्या कागदात कोठेच येत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम विकणाऱ्यावर मिळकतीतील आणि मालकीहक्कातील महत्त्वाचा दोष सांगण्याची जबाबदारी टाकते. दोष म्हणजे भिंतीची चीर किंवा भावाचा हिस्सा. आढ्याला लटकलेला माणूस कोणी त्या यादीत धरत नाही.

तो हिशेब दुसरीकडे होतो. घर ‘बाधिक’ आहे अशी कुजबूज झाली की गिऱ्हाईक फिरकत नाही, भाव पडतो. मग वास्तुशांत, उदकशांत, नवचंडी. अलीकडे त्यात आणखी एक गृहस्थ दाखल झाले आहेत. ते होकायंत्र घेऊन येतात, कोपऱ्यात खड्याचे मीठ ठेवतात, तांब्याचा पिरॅमिड बसवतात आणि घरातली ‘नकारात्मक ऊर्जा’ काढून देतात. भाषा विज्ञानाची, दक्षिणा मात्र भटजीपेक्षा जास्त. घर विकणारे दलाल त्यांना बरोबर घेऊनच फिरतात, आणि ‘आम्ही सगळं करून घेतलंय’ हे शब्द आता बैठकीत खरेदीखताइतकेच वजनदार ठरतात. म्हणजे एका घराचे दोन कागद झाले. एक सरकारचा, एक धर्माचा. पहिल्याला घराचा भूतकाळ दिसत नाही आणि दुसरा तो धुऊन टाकतो. माझा विषय इतिहास असल्यामुळे मला या दोहोंच्या मध्ये जे हरवते त्याविषयी लिहायचे आहे.

आपल्या भाषेत खराब झालेल्या घरासाठी दोन शब्द आहेत, आणि ते एकमेकांत मिसळत नाहीत. घरात अपमृत्यू झाला तर घर बाधते. घरात आपण शिरलो तर ते बाटते. मेलेल्याचे सुतक दहा-तेरा दिवसांत फिटते, बाधेवर शांत आहे, आणि दोन-चार वर्षे गेली की लोक विसरतात. बाटण्याला मात्र मुदत नाही. धुतले तरी पुन्हा पाय पडला की पुन्हा बाट. खुनाच्या रक्ताहून जिवंत माणसाचा पाय अधिक अपवित्र मानणारी ही व्यवस्था आहे, आणि तिचे हे गणित समजून घेतल्याशिवाय घरे धुण्याच्या धंद्याचा इतिहास कळणार नाही.

वास्तुशांतीची कथाच पाहा. मत्स्यपुराणात ती येते. अंधकासुराशी लढताना शिवाचा घाम जमिनीवर पडला, त्यातून एक भुकेले, अक्राळविक्राळ भूत उपजले. देवांनी त्याला जमिनीवर पाडले, ज्याने जो अवयव धरला तो त्याच अवयवावर बसला, आणि पुन्हा उठू नये म्हणून त्याला तेथेच दाबून ठेवले. त्या बदल्यात घर बांधताना त्याला बळी मिळेल असे ठरले. आजही आग्नेय कोपऱ्यात खड्डा घेऊन वास्तूची प्रतिमा पालथी पुरतात. पुराणातून इतिहास उपसण्याची मला हौस नाही. पण प्रत्येक घराखाली कोणीतरी दाबून ठेवलेला आहे आणि त्याने उठू नये म्हणून वर्षानुवर्षे खटाटोप चालतो, ही कल्पना ज्या समाजाने रचली त्याने नकळत स्वतःविषयी बरेच सांगून ठेवले आहे.

कारण पुरल्या गेलेल्यांची आठवण आपल्याकडे निव्वळ पुराणातली नाही. फुल्यांच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मुक्ता साळवे १८५५ साली ‘ज्ञानोदया’त महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिते, तेव्हा ती स्पष्ट सांगते की मोठमोठ्या इमारतींच्या पायात आमच्या लोकांना तेल-शेंदूर पाजून पुरत असत. पुरंदरच्या शेंदऱ्या बुरुजाखाली नाथनाक आणि देवकाई हे महार जोडपे जिवंत पुरल्याची दंतकथा तर इंग्रजांच्या गॅझेटियरनेही नोंदली. बुरुज ढासळत होता, तो या बळीने उभा राहिला. ज्या वास्तूचा पाया असा, तिची शांत कोणी कधी केली? ते घर बाधिक ठरले नाही. उलट पायात माणूस आहे म्हणून ते पक्के ठरले. त्या पायातल्याचा पुतण्या उद्या ओसरीवर चढला असता, तर मात्र गोमूत्राची वाटी बाहेर आली असती.

महाडचे उदाहरण वाचकांना पाठ आहे, तरी या संदर्भात ते पुन्हा पाहण्यासारखे आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारोंनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. पुढे सनातन्यांनी तळे शुद्ध केले. एकशेआठ घागरी पाणी काढून त्यात दही, दूध, शेण, गोमूत्र घालून मंत्रांच्या घोषात त्या पुन्हा तळ्यात बुडवल्या. शेण कालवल्याने पाणी पिण्यास योग्य झाले! हसण्याचा मोह होतो, पण त्या विधीच्या पाठोपाठ काय आले ते बघावे. नगरपालिकेने तळे खुले करणारा आपलाच १९२४ चा ठराव ४ ऑगस्ट १९२७ रोजी मागे घेतला, आणि तळ्यावरचा आपला हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला १७ मार्च १९३७ उजाडला. शुद्धीचा विधी हा ताबा सांगण्याचाच एक प्रकार असतो. घागरी बुडवणाऱ्यांना पाणी धुवायचे नव्हते, मालक कोण हे सांगायचे होते.

घराच्या बाबतीत हाच अनुभव बाबासाहेबांनी त्याआधी दहा वर्षे घेतलेला होता. १९१७ साली कोलंबिया आणि लंडनहून परतलेला हा विद्वान बडोद्यात नोकरीला गेला. हिंदूंच्या घरात खोली मिळणार नाही म्हणून पारशांच्या पथिकाश्रमात पारशी नाव घेऊन राहिला, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली. आरोप एकच, आमचा आश्रम बाटवला. १९३४ साली दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्यावरून मुसलमानांनीही तीच ओरड केली. हे मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे जे सांगायचे आहे त्यात मुसलमान मारले गेलेले आहेत, आणि मारल्या गेलेल्यांविषयी लिहिताना त्यांना सोवळे करून सोडणे हाही एक प्रकारचा शुद्धीविधीच होय.

आता आपल्या जिल्ह्याकडे येतो.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गमार्गे निजामाच्या हद्दीत शिरल्या. बोरी नदीवरचा पूल त्याच दिवशी हाती आला. १७ तारखेला निजाम शरण गेला. त्याआधीचे वर्ष रझाकारांचे होते. गावे लुटली गेली, माणसे मारली गेली, सरहद्दीपलीकडे आसरा शोधत लोक गेले. तो इतिहास शाळेत शिकवला जातो, दर १७ सप्टेंबरला ध्वज लागतो आणि लागावाही. शिकवले जात नाही ते त्यानंतरच्या आठवड्यांत घडले. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांचे सदिच्छा मंडळ केंद्र सरकारच्या सांगण्यावरून २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानात फिरले. त्यांच्या अंदाजाप्रमाणे कमीत कमी २७ ते ४० हजार माणसे पोलीस कारवाईच्या वेळी आणि नंतर मारली गेली. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी सांगितले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चारांतच १८ हजार किंवा अधिक. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. तेथे कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली असे ते म्हणतात. त्याच अहवालात घरे आणि जमिनी बळकावल्याची नोंद आहे, सक्तीच्या धर्मांतराची आहे, आणि हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान व्यवसायबंधूंना वाचवल्याचीही आहे. हा अहवाल दडवला गेला. सर्वसामान्य अभ्यासकाला तो २०१३ मध्ये दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात पाहायला मिळाला. पासष्ट वर्षे!

त्या घरांचे पुढे काय झाले? मालक मेले, काही हैदराबादेस गेले, काही कराचीस. घर काही जात नाही. १९५० च्या निर्वासित मालमत्ता कायद्याने पाकिस्तानात गेलेल्यांच्या मिळकती सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात येण्याची तरतूद केली. पण गावठाणातल्या माडीपर्यंत अभिरक्षक पोचण्यापूर्वी पाटील पोचत असे.

माझ्या आजोबांचे गाव उमरगा तालुक्यातले. तेथल्या एका वाड्याची गोष्ट ते सांगत. ॲक्शनच्या नंतर चार-पाच दिवसांनी महारवाड्यातून सहा जणांना बोलावणे आले. बलुत्याचे काम म्हणून. त्यांनी वाड्यातून प्रेते काढली, ओढ्याकाठी पुरली, मग दोन दिवस फरशी घासली, भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतेरा दिला. महिन्याने वाड्यात नवा मालक आला. वास्तुशांत झाली, सत्यनारायण झाला. त्या दिवशी हे सहा जण जोत्याखाली उन्हात उभे. आजोबांचे वाक्य मला लहानपणी विनोदी वाटे. ‘रगत धुवायला चाललो, परसादाला न्हाई.’ ज्यांनी घर खरोखर धुतले त्यांच्या धुण्याला कोणी शुद्धी म्हटले नाही. ज्यांनी चार शिंतोडे उडवले त्यांना धोतरजोडी मिळाली.

येथे थांबता आले असते तर लेखकाला सोयीचे झाले असते. पण त्या वाड्याच्या मागच्या सोप्याची सागवानी चौकट आमच्या घराला होती. कमळाचे नक्षीकाम असलेली, महारवाड्यात न शोभणारी. लुटीच्या दिवसांत आजोबांनीच ती आणली की कामाची मजुरी म्हणून मिळाली, याविषयी ते दर वेळी वेगळे सांगत. रझाकारांच्या बाजूला उभे केलेले आपले लोक होते, त्यांच्याविरुद्ध लढणारेही होते. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४७ मध्येच संस्थानातल्या अस्पृश्यांना निजामाची बाजू घेऊ नका म्हणून बजावले होते. पण लुटीच्या रांगेत शेवटी का होईना आपण होतो, हे लिहून ठेवायला हवे. आजी त्या चौकटीला घाबरे. पहिली काही वर्षे ती दर अमावास्येला उंबऱ्यावर नारळ फोडायची, चौकटीची दृष्ट काढायची. १९५६ नंतर गावाने बौद्ध धम्म घेतला, घरातले देव ओढ्यात गेले आणि नारळही बंद झाला. भीती गेली का, असे मी एकदा विचारले. ती म्हणाली, ‘भ्या गेलं, पर ती बाई आठवती.’ कोणती बाई, ते तिने सांगितले नाही.

जाता जाता आणखी एक. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडाभर आपल्या वस्त्या पेटल्या. टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना मारले. त्या जळक्या घरांची वास्तुशांत कोणी केल्याचे ऐकले नाही. पत्रे टाकले आणि माणसे पुन्हा आत गेली. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडला, तेही नामविस्तार होऊन. आमच्या जिल्ह्याचे नाव मात्र २०२२ साली मंत्रिमंडळात बदलले आणि २०२३ मध्ये पाट्यांवर आलेही. धाराशिव हे नाव जुने आहे, मला त्याचे वावडे नाही. धुण्याच्या कामात वेग कोठे येतो आणि कोठे येत नाही, एवढेच सांगायचे आहे.

आजोबांचे ते गाव ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी पडले. किल्लारी, सास्तूर ही नावे जगाला ठाऊक झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर दोन-तीन फूट मातीचे माळवद, तो भारच लोकांवर आला. जेवढा वाडा मोठा तेवढा ढिगारा मोठा. गावकुसाबाहेर कुडाच्या आणि पत्र्याच्या घरांत राहणारे त्या मानाने वाचले. आमच्या घरातले सगळे वाचले, मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा होतो. त्या पहाटे बाट कोणाला आठवली नाही. ज्यांच्या घरात आमचे पाऊल चालत नव्हते त्यांना आमच्या माणसांनी ढिगाऱ्यातून ओढून काढले, आणि पहिले दोन दिवस सगळ्यांनी एकाच टाकीचे पाणी प्यायले.

मग पुनर्वसन आले. बावन्न गावे नव्या जागी वसली. घरांचे तीन प्रकार ठरले, २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्यांना पहिले, सात हेक्टरच्या वरच्यांना तिसरे. म्हणजे जमिनीच्या इतिहासाने पुन्हा घराचे माप काढले. ज्याच्या आज्याला वतनाच्या तुकड्यापलीकडे जमीन मिळू दिली नाही त्याच्या नातवाला २५० फूट. भूकंपाने गावकूस पाडले होते, आराखड्याने ते आखून दिले. जुनी गावठाणे ओस पडली, बाभळी माजल्या. तेथे रात्री रडण्याचे आवाज येतात म्हणून कोणी जात नसे. दिवसा मात्र लोक दारे, तुळया, घडीव दगड काढून नेत. आमची चौकटही त्याच वर्षी एका लाकूडवाल्याने नेली. आता ती कोणत्या शहरातल्या हॉटेलच्या दाराला आहे कोण जाणे. जुनी वस्तू म्हणून तिला भाव आला असेल. कोणाची, हे विचारणारा कोणी नसेल.

परदेशात काय चालते म्हणून थोडे वाचले. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९८६ पासूनच्या कायद्याप्रमाणे घरात मृत्यू होऊन तीन वर्षे उलटली असतील तर तो आपणहून सांगण्याचे बंधन विकणाऱ्यावर नाही. जपानमध्ये खून-आत्महत्या झालेली घरे हा एक वेगळा बाजारच आहे. तेथल्या सरकारने २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. भाड्याच्या घरात असे घडले असेल तर साधारण तीन वर्षे ते भाडेकरूला सांगायचे. त्याच जपानमध्ये बुराकू लोक आहेत, कातडे कमावणाऱ्या आणि मढी ओढणाऱ्यांचे वंशज. १९७५ साली उघडकीस आले की बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांची यादी छापून कंपन्यांना चोरून विकली जात होती. ओसाका प्रांताने १९८५ साली अशी चौकशी करण्यास बंदी घातली. तरी जागा घेण्यापूर्वी ती पूर्वी बुराकू वस्ती होती का याचा तपास चालूच राहिला, म्हणून २०११ मध्ये जमिनीविषयीच्या चौकशीलाही तो नियम लावावा लागला. मेलेल्या माणसाचे तीन वर्षांत विसरायचे आणि जिवंत माणसाच्या खापरपणज्याचा धंदा शोधत बसायचे. वाचताना मला आपल्याच तालुक्यातले वाटले.

तीन वर्षांपूर्वी मी धाराशिवात घर शोधत होतो. दलालाने एक घर दाखवले. चांगले पक्के, विहीर असलेले, आणि भावही निम्म्याला आलेला. मालकाने कर्जापायी त्याच घरात जीव दिला होता. मुलगा पुण्याला. दोन वर्षे गिऱ्हाईक नाही. शांत झाली होती, मिठाचे ढीग आणि पिरॅमिडही होऊन गेले होते. मी म्हटले, मला बाधेचे काही नाही, ज्याने जीव दिला त्याच्याविषयी वाईट वाटते, एवढेच. दलाल खूश झाला. मग आडनाव विचारले. चार दिवसांनी निरोप आला की शेजारची चार घरे नाराज होतील. त्या घराला भूत चालत होते. सहा महिन्यांनी पुन्हा एकदा शुद्धी होऊन ते दुसऱ्याला गेले, आणि मी देत होतो त्याहून कमी किमतीत गेले असे कळले.

हे सांगताना आपल्या लोकांविषयीही बोलावेसे वाटते. आपल्यातल्या नोकरदारांची नवी घरे होत आहेत आणि त्यात परित्राण पाठ होतो. होऊ द्यावा, चार माणसे जमतात, बुद्धवंदना होते. पण गेल्या वर्षी एका सहकाऱ्याच्या घरी, बाविसाव्या प्रतिज्ञेपर्यंत सगळे तोंडपाठ असलेल्या घरी, स्वयंपाकघर आग्नेयेला नाही म्हणून भिंत फोडून ओटा हलवला. वर भंतेजींकडून ‘घर स्वच्छ करून घेतलं’ म्हणाला. ज्या शब्दाने आपल्याला दारातून हाकलले तो शब्द आपण आपल्याच उंबऱ्यावर ठेवतो आहोत, हे त्याला तेथे जेवताना सांगता आले नाही. येथे सांगतो. २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे रक्त सांडल्यावर जादूटोणाविरोधी कायदा झाला, पण तो भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण करणाऱ्याला पकडतो. ओटा हलवायला सांगणाऱ्याला तो पकडत नाही आणि हलवणाऱ्याला तर नाहीच.

शेवटी घर मिळाले ते गाझीबाबांच्या दर्ग्याच्या बाजूच्या जुन्या वस्तीत, एका वयस्क मुसलमान बाईंकडून. मुलांकडे हैदराबादेस जायचे म्हणून त्या विकत होत्या. व्यवहार ठरल्यावर मी त्यांना विचारले की या घरात कोण कोण राहिले ते सांगाल का. आधी त्या बिचकल्या, भाव पाडायला विचारतोय असे वाटले असावे. मग दोन दुपारी बसून सांगत राहिल्या. घर त्यांच्या सासऱ्यांनी बांधले. ४८ साली ते शेजारच्या कोष्ट्याच्या माळ्यावर अकरा दिवस लपले होते, परत आले तेव्हा घरात कपाट उरले नव्हते. त्यांचा धाकटा भाऊ परत आला नाही. मागच्या खोलीत त्यांच्या दोन मुली जन्मल्या, एक तेथेच तापाने गेली. पायखाना साफ करायला येणारी बाई मागच्या बोळातून यायची, तिच्यासाठी भिंतीत वेगळे लहान दार होते, ते नंतर बुजवले. तिचे नाव आठवते का, असे मी विचारले. नाव त्यांना आठवले नाही. तिला नावाने कोणी हाक मारत नसे, म्हणाल्या.

मी हे दोन ताव लिहून काढले, त्यांना वाचून दाखवले, त्यांनी खाली सही केली. खरेदीखताला ते जोडायला नेले तेव्हा दस्तलेखकाने चष्म्यावरून पाहिले आणि असे कागद नोंदणीला चालत नाहीत म्हणून परत दिले. मुहूर्त कोणता धरायचा, असे त्याने वर विचारले. कार्यालय दहाला उघडते, मी म्हटले. ते दोन ताव नोंदलेल्या खताच्या घडीत ठेवले आहेत. बुजवलेल्या दाराची कड भिंतीत अजून दिसते, आणि तेवढ्या भागाला मी गिलावा केलेला नाही.